नणंदेची फुलं

"मुलंबाळं किती?" को बाईंनी विचारलं, आणि मांडवातल्या सगळ्यांना एकाच वेळी चहाची आठवण झाली. जो तो पेल्यात तोंड घालून बसला.

को बाई अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघायच्या. त्या शहरातून आलेल्या, त्यांना या घरातल्या गोष्टी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मांडव अंगणात घातला होता, कारण बिनलग्नाच्या बाईला मेल्यावरसुद्धा मुख्य दालनात, पूर्वजांसमोर ठेवत नाहीत. मांडवाच्या टोकाला काचेच्या गार पेटीत आ-गीन निजली होती. वय चौऱ्याऐंशी. जन्मली याच घरात, राबली याच गावच्या शेवंतीच्या मळ्यांत, आणि परवा दुपारी जेवून भिंतीला टेकली ती टेकलेलीच राहिली.

"लग्न नव्हतं झालं आत्याचं," तिचा भाचा जिन-त्साय म्हणाला. घरातला कर्ता पुरुष आता तोच होता.

"मग प्रश्नच नाही. पांढरी आणि पिवळी." को बाईंनी हातातल्या मोबाइलवरचे दोन-चार फोटो पुढे केले. सगळे सारखेच दिसत होते.

तसा फुलांचा प्रश्न गावाने सकाळीच सोडवला होता. या गावात, त्येनवेईत, शेवंतीला तोटा नाही. अर्ध्या मुलुखातल्या मयतांना फुलं इथूनच जातात. आ-गीनने ज्यांच्या ज्यांच्या मळ्यात काम केलं होतं, त्यांनी उजाडता उजाडता पांढऱ्या-पिवळ्या फुलांच्या बादल्या आणून भिंतीशी लावल्या होत्या. आता नुसती रचायचीच काय ती बाकी होती.

"गुलाबी करा," मागून यू-चिन म्हणाली.

यू-चिन म्हणजे जिन-त्सायची धाकटी बहीण. सत्तावन्न वर्षांची, जन्मभर पोस्टात खिडकीमागे बसलेली, आजवर कुणापुढे आवाज न चढवलेली. पेटीपाशी जागून जागून तिचे डोळे सुजले होते.

"ताई, त्यांनी ऐंशी ओलांडली हे खरं," को बाई सांभाळून म्हणाल्या. "पण नुसत्या वयावर गुलाबी मिळत नाही. मुलं, नातवंडं, पतवंडं बघून भरल्या घरातून माणूस गेलं की त्याला गुलाबी. येणारे लांबूनच बघतात. गुलाबी दिसलं की समजतात, म्हातारी भरून पावली."

"आत्या म्हणायचीच, माझ्या वेळी शेवंती लावू नका, मला वाटेल कामावर बोलावलंय."

दोघं-तिघं हसले. जिन-त्सायही हसला, मग आपण कुठे बसलोय ते त्याला आठवलं. "ते थट्टेतलं गं," तो म्हणाला. "लोकांनी एवढ्या मायेने आणलीत फुलं. आता ती काय ढोरांना घालायची?"

"मी आहे ना तिची," यू-चिन म्हणाली. "माझी पोर आहे, पोरीचं पोर आहे. मुलगी, नात, पणतू. याहून भरलेलं घर म्हणजे कसं असतं?"

को बाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा पेटीकडे पाहिलं. त्यांच्या धंद्यात अशी उलगडणारी घरं रोजचीच असावीत. "मग तुम्हाला मुलगी म्हणून उभं राहावं लागेल," त्या म्हणाल्या. "वर फुलं गुलाबी आणि खाली गुडघे टेकायला कुणी नाही, असं केलं तर लोक हसतात. तागाची पट्टी लावायची. उजव्या दंडाला."

बाप गेला की डावा दंड आणि आई गेली की उजवा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आणि ही कोण बसलीय?" जिन-त्सायने खुर्चीकडे हात केला. "जितीजागती आई समोर असताना उजव्या दंडाला ताग लावतेस? तिचं मरण ओढवून आणतेस का?"

सगळ्यांनी वळून आ-त्वानकडे पाहिलं. शहाऐंशी वर्षांची आ-त्वान, मेलेल्या आ-गीनची भावजय आणि या दोघा भावंडांची आई, वेताच्या खुर्चीत पेल्याकडे बघत बसली होती. गुडघे गेले होते, दात गेले होते, कान मात्र शाबूत होते, आणि आज तेच वाईट होतं.

"चहा गार झाला," एवढंच ती म्हणाली.

"गुलाबी हवी असेल तर संध्याकाळपर्यंत सांगा," को बाई उठता उठता म्हणाल्या. "बाजारातून मागवावी लागतील."

आ-त्वान लग्न होऊन या घरात आली तेव्हा आ-गीन एकोणीस वर्षांची होती. नणंद-भावजयीचं जसं चालतं तसंच त्यांचंही चाललं. मीठ कुणी दोनदा टाकलं, कोंबड्या कुणी उघड्या सोडल्या, यावर त्यांचे दिवस सरायचे. आज ना उद्या जाईल सासरी, अशी मनाची समजूत घालत आ-त्वानने पहिली काही वर्षं काढली. पण आ-गीन गेली नाही. दिसायला ती भावजयीपेक्षा उजवीच होती. फक्त बारा प्राण्यांच्या बारा वर्षांतल्या नेमक्या वाघाच्या वर्षात जन्मली होती, आणि वाघीण घरात घ्यायला कुणी धजत नव्हतं. स्थळं यायची, वर्ष विचारायची आणि चहा अर्धा टाकून जायची. एकदा आ-त्वानच म्हणाली होती, "सांग ना एखादं वर्ष इकडचं तिकडचं." त्यावर आ-गीनने म्हटलं, "सांगेन, पण नवऱ्याला काही झालं की तूच पहिली बोट दाखवशील." आणि ते खरं होतं.

मळ्यातल्या बायका मात्र आ-गीनला मानत. शेवंतीच्या दांड्यावर बाजूने कळ्या धरतात, त्या सगळ्या खुडून टाकाव्या लागतात, तेव्हा कुठे शेंड्याचं एक फूल टपोरं होतं. आ-गीनने दुसरं काही काम केलंच नाही. उजव्या अंगठ्याचं नख तिने त्यासाठी वाढवलेलं असायचं आणि ते बारा महिने हिरवं-काळं दिसायचं. जेवताना ते नख समोर आलं की आ-त्वानला घास जात नसे, आणि हे तिने अनेकदा बोलूनही दाखवलं होतं.

आणि मग यू-चिन. यू-चिनच्या पाठीवर मुलगा झाला, तेव्हा आ-त्वानला बाळंतपणाचा ताप चढला तो उतरेना. दोन वर्षांच्या पोरीला चार दिवस नणंदेपाशी निजवलं. बाळ महिन्याभरात गेलं. आ-त्वान कशीबशी उठली आणि पोरीला आपल्या खोलीत घेऊन आली, तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं. दोनदा आणलं, दोनदा परत नेऊन दिलं. मग सासू म्हणाली, राहू दे. ठरवलं कुणीच नाही, पण ते चार दिवस काही संपले नाहीत. शेजारणी म्हणायच्या, बरं झालं, तुझा भार हलका झाला. आ-त्वानला तो भार हवा होता, हे सांगणार कुणाला?

यू-चिन शाळेतून गुडघा फोडून आली की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईच्या समोरून पळत मागच्या अंगणात जायची. आईला आई आणि आत्याला आत्याच म्हणायची, त्यात तिने कधी चूक केली नाही. पण 'आई' ही हाक ती पाहुण्या बाईला मारावी तशी जपून मारायची. आ-त्वानने नणंदेला या एका गोष्टीची कधी माफी दिली नाही. आ-गीनने ती कधी मागितलीही नाही.

दुपारी मायलेकी सोनेरी कागदाची कमळं दुमडत बसल्या. मेलेल्याबरोबर ती जाळायची असतात, जितकी होतील तितकी थोडीच. यू-चिन मान खाली घालून घड्या घालत होती.

"पाकळी सैल होतेय तुझी," आ-त्वान म्हणाली.

"हं."

"आ-गीनचीही सैलच व्हायची. तिचंच बघून शिकलीस."

यू-चिनने कमळ उलगडून पुन्हा दुमडलं.

"मी मेले की कुठल्या दंडाला लावणार गं?" आ-त्वानने विचारलं. "डावा बापाला दिलास. उजवा आत्याला. माझ्या वेळी काय, कपाळाला चिकटवशील?"

यू-चिनचे हात थांबले. ती रडली असती, उलट बोलली असती, तर आ-त्वानला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

"पांढरीच लावू दे," यू-चिन म्हणाली. "तुला त्रास होईल असं नाही करायचं मला. मी भाची म्हणून मागे उभी राहीन. को बाईंना तसं सांगते." आवाज तोच होता, जपून काढलेला, पोस्टाच्या खिडकीमागचा. "तुला भाताची पेज आणू का? सकाळपासून काही पोटात नाही तुझ्या."

"मला भूक नाही."

यू-चिन आत गेली. आ-त्वान जिंकली होती. पण जिंकल्यावर माणसाला जे बरं वाटतं ते काही केल्या वाटेना.

सगळे आत जेवायला बसल्यावर ती काठी टेकत पेटीपाशी गेली.

"ऐकलंस ना सगळं?" ती काचेतून नणंदेला म्हणाली. "मेलीस तरी माझ्या वाटेत आहेसच."

आ-गीनला नवं जाकीट घातलं होतं, केस विंचरले होते, गालाला कुणीतरी थोडी लालीही लावली होती. हात पोटावर ठेवले होते. अंघोळ घालणाऱ्या बायकांनी घासघासून पाहिलं असणार, पण अंगठ्याचं नख काही उजळलं नव्हतं. त्या नखाकडे आ-त्वान बराच वेळ बघत राहिली. आज तिला शिसारी आली नाही. आज तिला यू-चिनच्या लग्नाचा दिवस आठवला.

वाघाच्या वर्षातल्या माणसाने नवरीचं तोंड बघायचं नसतं, संसार बाधतो. आदल्या संध्याकाळी आ-गीननेच पोरीचे केस धुऊन दिले, मान किती नि कशी झुकवायची ते शिकवलं. पहाटे ती विळा-टोपी घेऊन मळ्यात निघून गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. थांब असंही कुणी म्हटलं नव्हतं. आ-त्वानने एक शब्द टाकला असता, लांबून बघ, पडद्याआडून बघ, तर म्हाताऱ्यांनी कानाडोळा केला असता. तिने तो टाकला नाही. त्या दिवशी पोर गुडघे टेकून रडली ती आ-त्वानच्या पायाशी, आणि तिचं भिजलेलं तोंड ओंजळीत धरून वर उचलताना आ-त्वानला वाटलं होतं, आजच्या दिवस तरी ही माझी. तिला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, इतका आनंद तिला तिच्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

दुपारी ती नणंदेचं जेवण घेऊन मळ्यात गेली. आ-गीन रस्त्याकडे पाठ करून वाफ्यात उभी होती.

"गाड्या गेल्या का?" तिने न वळता विचारलं.

"गेल्या."

"रडली का?"

"रडली."

"बरं झालं," आ-गीन म्हणाली, आणि पुढच्या दांड्याला हात घातला. जेवण बांधावर तसंच राहिलं होतं.

आ-त्वान पेटीच्या काचेला हात लावून उभी राहिली. काच गार होती. "मला सांगायचंस तरी," ती पुटपुटली. "भांडायचंस. एरवी मिठावरून भांडायला तुला बरं जमायचं." मग तिला रडू आलं, परवापासून पहिल्यांदाच, आणि ते नक्की कुणासाठी हे तिला धड कळेना.

संध्याकाळी को बाई आल्या. "मग काय ठरलं?"

"पांढरी-पिवळीच," यू-चिन म्हणाली. "सकाळी मी उगाच..."

"गुलाबी," खुर्चीतून आ-त्वान म्हणाली.

जिन-त्सायने हातातला पेला खाली ठेवला. "आई, तुला कळतंय का तू काय म्हणतेस ते?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून कळतंय." ती यू-चिनकडे वळली. "आणि तू. सकाळी मला न विचारता ठरवलंस, दुपारी मला न विचारता सोडलंस. एकदा तरी तोंडावर मागायचं होतंस माझ्याकडे."

यू-चिनने तोंड फिरवलं, तेव्हा आ-त्वान को बाईंकडे वळली. "हिच्या उजव्या दंडाचा ताग मी बघितला तरच मला बाधतो ना?"

को बाईंनी थोडा विचार केला. "पेटीला खिळे ठोकतात तेव्हा ज्यांचं वर्ष जुळत नाही ते पाठ करूनच उभे राहतात, आजी. तुम्ही पहिल्यापासून रस्त्याकडे तोंड करून बसलात, शेवटपर्यंत वळला नाहीत, तर कुणाला बोट ठेवायला जागा नाही."

"बसेन. पाठ करायला काय लागतं?"

"पण मग तुला फुलं दिसायचीच नाहीत," जिन-त्साय म्हणाला.

"तिचं तोंड बघून बघून डोळे झिजले माझे. फुलं राहिली तर राहिली." तिने हात पुढे केला. "आण तो मोबाइल. कसला गुलाबी देणार ते तरी बघू दे."

को बाईंनी तिच्यापुढे एकेक चित्र सरकवलं. हे जत्रेच्या पालखीसारखं भडक, हे धुवून धुवून विटलेलं, असं म्हणत तिने भराभर नापसंती दाखवली. एका चित्रावर बोट थांबलं. कोवळ्या आल्याच्या टोकाला असतो तसा तो गुलाबी होता.

"हा," ती म्हणाली. "आणि कुठे कमी पडली तर पांढरी मध्ये कोंबू नका. ती इथे बाहेर, माझ्यासमोर ठेवा. लोकांनी मायेने आणलीत."

अंत्यविधीच्या सकाळी मांडवात फुलं रचायला सुरुवात झाली, त्याआधीच आ-त्वानने आपली खुर्ची फिरवून घेतली. समोर रस्ता, रस्त्याच्या कडेने बादल्यांतली पांढरी-पिवळी शेवंती, पलीकडे मळे. शहरातून यू-चिनची मुलगी आली, तिच्या कडेवर तिचं पोर. पणतू म्हणून त्याला लाल सदरा घातला होता आणि तो फुलं ओढायला बघत असल्याचं मागच्या दटावण्यांवरून कळत होतं.

पाठीमागे पावलं थांबली.

"आई," यू-चिनचा आवाज आला. "लावतेय."

"लाव. टाचणी टोचून घेऊ नकोस."

कापडाची सळसळ झाली. पावलं परत गेली तेव्हा आ-त्वानने डोळे मिटून घेतले. वळून बघायची इच्छा इतकी दाटली होती की तिला स्वतःच्या मानेवर भरवसा वाटेना.

लोक येऊ लागले. मळेवाले, मळ्यातल्या बायका, देवळातली मंडळी. प्रत्येक जण रस्त्याने मान खाली घालून यायचा आणि फाटकापाशी आला की तिच्या डोक्यावरून मांडवाकडे बघायचा. क्षणभर तोंड तसंच राहायचं, मग त्यावर काहीतरी हलायचं, आणि मग पावलं जरा सावरून पडायची. आ-त्वानला फुलं दिसत नव्हती, पण येणाऱ्यांच्या तोंडावर ती तिला दिसत होती.

आ-गीनच्या बरोबरीने वर्षानुवर्षं कळ्या खुडलेली एक म्हातारी तिच्यापाशी थांबली. "भरून पावली हो आ-गीन," ती म्हणाली. "आम्हाला ठाऊकच होतं. कुणी म्हणत नव्हतं एवढंच."

"हो," आ-त्वान म्हणाली. "मुलगी आहे ना तिला."

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे वाक्य आपण पहिल्यांदाच उच्चारलं. काही तुटलं-बिटलं नाही.

घंटा वाजली. विधी सांगणाऱ्याने लांबलचक सुरात मुलीचं नाव पुकारलं, यू-चिनचं, आणि जमिनीवर गुडघे टेकल्याचा आवाज झाला. नातीचं नाव झालं, पणतूचं झालं. मग कुणीतरी म्हणालं, ज्यांचं वर्ष जुळत नाही त्यांनी पाठ करा. आजूबाजूची तीन-चार माणसं आ-त्वानसारखी रस्त्याकडे वळून उभी राहिली, त्यामुळे ती एकटी राहिली नाही.

लाकडी पेटीला खिळा ठोकताना आतल्या माणसाला सांगावं लागतं, जपून, बाजूला सर, नाहीतर जिवाला लागतो. ते सांगायचं असतं पोटच्या मुलांनी, आणि मोठ्याने, आत ऐकू जाईल असं.

हातोडी उचलली गेली.

"आई, खिळा येतोय, सर," यू-चिन ओरडली.

ती जपून मारलेली हाक नव्हती. घाबरलेलं, धावत आलेलं, अंगावर झेप घेणारं पोर हाक मारतं तशी ती होती. आ-त्वानने ती हाक घरात अनेकदा ऐकली होती, दुसऱ्या नावाने, मागच्या अंगणातून. 'आई' म्हणून ती आज पहिल्यांदाच कानावर पडत होती. तिच्या तोंडाशी ओ आली. तिने ओठ घट्ट मिटले आणि ओ गिळली, कारण ती द्यायचा हक्क तिने स्वतःच्या तोंडाने देऊन टाकला होता.

"आई, सर," दुसऱ्या खिळ्याला आवाज चिरला.

शेजारी उभ्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. हात वेताच्या खुर्चीला धरलेले होते आणि ते सोडले तर आपण वळू, अशी तिला भीती वाटत होती.

तिसरी हाक अर्धी हुंदक्यात गेली.

"आई, लागेल, बाजूला सर."

आ-त्वानची पाठ मांडवाकडेच राहिली. हातोडी पडायच्या आत ती खुर्चीतल्या खुर्चीत जराशी बाजूला सरकली.